फाटकावरची पाळी

आमच्या स्कॅर्नबी गावात शेवटी पुरलेल्या माणसाने चर्चच्या फाटकावर राखण करायची असते. पुढचं मढं आत आलं की त्याची सुटका. त्यामुळे एका दिवशी दोन प्रेतयात्रा निघाल्या की खांदेकरी चक्क पळायचे. एकदा तर फाटकातच गुद्दागुद्दी झाली. शांत होते ते फक्त पेटीतले दोघे.

टेमर स्केल्टनचा नवरा ईनॉक पुरला आणि महिन्याभरात सरकारने, चर्चचं आवार भरलं म्हणून, तिथे पुरणं बंद केलं. नवी दफनभूमी टेकडीवर. म्हणजे ईनॉकची पाळी कायमची! हा गडी जिवंतपणी विस्तवापासून हातभर हलला नव्हता.

टेमर लोकर विणून पोट भरणारी, जिभेची तिखट. रोज संध्याकाळी ती नवऱ्याचा मफलर फाटकावर अडकवायची. सकाळी काढायची तेव्हा कोरड्या हवेतही तो ओला असायचा, आणि त्याला मानेभोवतीचा पीळ पडलेला. मी एकदा हात लावून पाहिला. पुन्हा लावला नाही.

एक वाट होती. ज्याचा जोडीदार आत आहे, त्याला त्याच थडग्यात जागा मिळायची. असे दोघेच उरलो होतो : टेमर आणि मी; माझी बायको हॅना आत होती. जो मागे राहील, त्याला सोडवायला कोणी येणार नव्हतं.

"खोकला काय म्हणतोय, ओबेड?" ती विचारायची.

"बराय की."

"अरेरे!"

"अगं बये, एवढी घाई आहे तर तूच हो पुढे."

"झाले असते रे. पण मग शेवटचा तू. तुझी बडबड ऐकायला कोणी नाही म्हटल्यावर तुझं काय होईल? तू आधी जा, ईनॉक सुटेल. तुला मी सोडवीन. मला उभं राहायची सवय आहे."

हे ती रस्सा ढवळता ढवळता म्हणाली. मी हसलो. पण तो सबंध हिवाळा अंगात दोन-दोन गरम बंड्या घालून आणि कांद्याचा काढा पिऊन मी जगलो. मरायची हिंमत झाली नाही, हे खरं.

फेब्रुवारीत टेमरच गेली. ईनॉक सुटला. तेव्हापासून माझी कुत्री भर दुपारीसुद्धा फाटकाच्या वाटेने यायला तयार नाही.

लेक म्हणते, "बाबा, टेकडीवर कोरडी जागा घेऊया." काल मी चर्चमध्ये पाद्रीसाहेबांकडे गेलो आणि माझ्या हॅनाच्या थडग्यातली जागा पक्की करून आलो.

"तुमच्यानंतर तिथे कोणीच नाही, आजोबा," ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

बाहेर आलो. वारा नव्हता. फाटक कोणीतरी माझ्यासाठी उघडून धरलं होतं.