कारखान्याचा जावई

प्रोब मी पाडला नाही, हे घसा बसेस्तोवर सांगितलं. कुणालाच पटलं नाही! सणसवाडीच्या त्या कारखान्यात असे किस्से भंगारासारखे साचायचे. मी तिथं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले लोखंडी भाग, पुसून त्यावर तेल लावायची. दौंडचे शेखभाई त्यावर प्रोब फिरवायचे; तो आत आवाजाच्या लहरी सोडायचा, म्हणजे आतली पोकळी पडद्यावर दिसायची.

* * *

दिसायची कसली! आमच्या कास्टिंगच्या धातूचा दाणा जाड. जुन्या प्रोबनं पडद्यावर नुसतं उभ्या रेघांचं गवत उगवायचं.

शेखभाई मला म्हणायचे, "मावशी, गवतात साप शोधतोय."

"मग विळा देऊ का?"

* * *

मग नवा कंपोझिट प्रोब आला. आत स्फटिकाच्या बारीक काड्या, मधी डिंकासारखा चिकट माल भरलेला. गवत एकदम विरळ! सुपरवायझर जाधवांनी पास केलेलं एक कास्टिंग शेखभाईंनी कापायला लावलं. आतून कुजका पेरू! जाधव त्या दिवशी चहालासुद्धा आले नाहीत.

* * *

पण नवा प्रोब महाग, आन् उष्णता सोसत नाही. एकदा माल न्यायला गाडी उभी, कास्टिंग अजून गरम. जाधव म्हणाले, "लावा की! जुना लावत होता ना?"

शेखभाई म्हणाले, "जुना गडी होता साहेब. हा जावई हाय, गरम-गार बघून वाढावं लागतं."

तेव्हापासून त्याचं नावच जावई!

* * *

पाहुणे आले की जाधव साध्या पत्र्यावरही जावईच फिरवायला लावायचे.

शेखभाई म्हणायचे, "भाकरी थापायला सोनार कशाला? ह्याला जुना बास हाय."

* * *

खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत जावई सगळ्यात पुढं. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. मालकांच्या आईंनी ताटात कापूर पेटवून आरती केली.

दसऱ्याची सुट्टी संपली, तर जावई मुका! पडद्यावर काहीच उमटंना. जाधव सगळ्यांदेखत म्हणाले, "हळदकुंकू पुसताना हिनंच पाडला. उद्यापासून येऊ नको."

मी म्हटलं, "पाडला असता तर तोंडावर सांगितलं असतं. तुम्हाला भिते काय मी?"

शेखभाई मालकांकडं गेले. "प्रोबवाल्याचा माणूस बघंल, तवर मावशीला काढू नका."

तो माणूस आला. प्रोब उलटासुलटा करून, उघडून बघितला. "पडलेला नाही. तापलाय. कशावर ठेवला होता?"

मालकांनी सगळ्यांना गोळा केलं. "कुणी तापवला? नाव सांगा!"

जाधव छताकडं बघू लागले. शेखभाई चपलेकडं. मला आत्ता कुठं ते ताट आठवलं, आन् पहिल्यांदाच माझं तोंड उघडंना.

मालकांचा डबा घेऊन आई दारात उभ्या होत्या. डबा खाली ठेवला.

"गप का रे सगळे? आरतीचं तापलेलं ताट त्याच्या डोक्यावर मीच टेकवलं. त्या बाईला सोड, आन् घे माझं नाव. अनसूयाबाई!"