पार्टिशनच्या पलीकडचा वर्ग

आमच्या विद्यापीठातल्या स्पॅनिशच्या बाईंना पोरं पाठीमागे 'पुन्हा वाचा' म्हणतात. कारण बाईंचं दुसरं वाक्य नसतंच. मुलाने पान मोठ्याने वाचायचं, चुकलं की पुन्हा, अर्थ लागला नाही की पुन्हा. मी विभागातली कारकून. माझं टेबल आणि बाईंचा वर्ग यांच्यामध्ये एक प्लायवुडचं पार्टिशन आहे, म्हणजे नसल्यासारखंच. अकरा वर्षं मी हजेरीपत्रकं लावता लावता ते 'पुन्हा वाचा' ऐकतेय. पहिल्या वर्षी तर डोकं उठायचं.

यंदा साहित्याच्या वर्गाला पाचच नावं आली. नियम सहाचा. विभागप्रमुखांनी सांगून टाकलं, की शुक्रवारी पाचपर्यंत सहावं नाव आलं नाही तर वर्ग बंद, आणि बाईंनी यापुढे पर्यटकांसाठीचं संभाषण तेवढं शिकवायचं. अठ्ठावीस वर्षं स्पेन आणि लॅटिन अमेरिकेच्या कथा-कविता शिकवलेल्या बाईने आता 'खोलीचं भाडं किती' शिकवत बसायचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंनी मात्र फळा पुसला आणि पुढचं पान काढलं.

सोमवारी मी माझाच अर्ज भरला. स्पॅनिशची आधीची दोन वर्षं न केलेल्याला बाईंची तोंडी परीक्षा देऊन थेट बसता येतं, हे मीच शंभर जणांना सांगितलेलं. सही काय, बाई डोळे मिटून करतील असं वाटलं. पण बाई कसल्या ऐकतायत! त्यांनी कपाटातून खेड्यातल्या विहिरीची ती गोष्ट काढली, जी दर वर्षी पहिल्या महिन्यात होते, आणि वाच म्हणाल्या.

मी सुटले ते सुटलेच. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं तोंडपाठ. मधे त्यांनी दोन प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारले, त्यांचीही उत्तरं दिली. स्वतःवरच खूश होऊन वर पाहिलं, तर बाई माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होत्या.

"पान कधीच संपलंय," त्या म्हणाल्या. "तू उलटलं नाहीस."

मग त्यांनी एक कधीच न शिकवलेलं पुस्तक समोर ठेवलं. पहिल्याच ओळीत अडकले. अकरा वर्षं कानांनी शिकले होते, डोळ्यांनी एक ओळ पाहिली नव्हती. अक्षरं इंग्रजीचीच, पण मेला एकेक शब्द माझ्यापुढे अनोळखी माणसासारखा उभा राहिला.

बाईंनी अर्ज बिनसहीचा परत दिला. मी चिडले. तुमचाच वर्ग वाचवतेय, इतका कसला ताठा, असं तोंडावर बोलले. बाईंचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही.

"अशा सहीने वाचलेल्या वर्गात मी कोणत्या तोंडाने 'पुन्हा वाचा' म्हणू? शुक्रवारपर्यंत वेळ आहे. डबा घेऊन रोज इथे ये."

गेले. न जाऊन सांगते कोणाला, तो वर्ग आता माझाही झाला होता. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने पोळी, दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर. आवाज ओळखीचे होतेच, त्यांना आता चेहरे मिळत गेले. घरी भाजी ढवळताना वाचायचे, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, कोणाला शिव्या घालतेस गं? नवऱ्याला वाटलं, हे खूळ आठवड्यात उतरेल. नणंदेने फोनवर हसून घेतलं. मी कोणालाच दाद दिली नाही.

शुक्रवारी तीन वाजता बाईंनी आणखी एक नवं पुस्तक काढलं. पहिल्या परिच्छेदात सात ठिकाणी अडखळले. "पुन्हा वाचा," बाई म्हणाल्या. पुन्हा वाचलं, चार ठिकाणी अडखळले. तिसऱ्यांदा वाचल्यावर गोष्टीतली म्हातारी दार का उघडत नाही ते मला कळलं आणि मी वाचायची थांबून रडायला लागले. काय झालं, असं बाईंनी स्पॅनिशमध्ये विचारलं. मी मोडकंतोडकं सांगितलं. बाईंनी पेन उघडलं.

यादी मीच प्रमुखांच्या टेबलावर ठेवली, पावणेपाचला. त्यांनी सहावं नाव दोनदा वाचलं.

सोमवारी माझं टेबल पहिल्यांदाच रिकामं राहिलं. पार्टिशनच्या या बाजूला पाच पोरं आणि त्यांच्या आईच्या वयाची मी. विहिरीची गोष्ट निघाली आणि बाईंनी वाचायला मलाच उठवलं. सगळी गोष्ट पाठ होती, तरी ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. पान संपलं तिथे थांबले. बाई माझ्या हाताकडे बघत होत्या. मी पान उलटलं.