संगीतकाराच्या रकान्यात माझं नाव

बँड बुडाला की गिटार विकता येते, ड्रम कोणाला तरी देऊन टाकता येतात. किश्शांचं मात्र काही करता येत नाही, ते साठतच जातात. आमच्यातले जुने लोक लग्नाकार्यात भेटले की जेवणाच्या रांगेतच कोणीतरी म्हणतं, "अरे, तो साउंडवाल्याचा सांग ना!" मग मी सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. पण खरं सांगू? यातला एकही किस्सा सांगताना मला स्वतःची लाज वाटत नाही, असं होत नाही. सगळेच्या सगळे आमच्या चोरीचे आहेत. आणि त्यातल्या एका चोरीबद्दल एका बाईंना मला एक साधं वाक्य सांगायचं होतं, 'चाल तुमची आहे' एवढंच. बघा जमलं का ते.

आमचा बँड जळगावचा, नाव '४६'. मे महिन्यातलं आमच्याकडचं तापमान! रॉक बँडला याहून जहाल नाव कुठून आणायचं? पहिल्याच कार्यक्रमाच्या आयोजकांनी पोस्टर वाचून फोन केला, "एवढी माणसं स्टेजवर मावणार नाहीत हो. निम्मी आणा."

आम्ही होतो तिघं. मी गिटार वाजवायचो आणि गाणी 'रचायचो'. ड्रमवर रजत, त्याच्या वडिलांचं जळगावात साड्यांचं दुकान. गायला जितू, धुळ्याचा, देवपूरमध्ये घर, कॉलेजपुरता जळगावात खोली करून राहिलेला. बेस वाजवणारा दर वर्षी बदलायचा, त्याला सोडून द्या.

*

तर साउंडवाला. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही पहिलं 'ओरिजिनल' गाणं वाजवलं. मी माइकवर जाहीरही केलं, "हे आमचं स्वतःचं!" टाळ्या पडल्या. आम्ही घाम पुसत विंगेत आलो, तेवढ्यात स्पीकरवर तेच गाणं पुन्हा सुरू झालं. तीच सुरुवात, तीच गिटार, फक्त आवाज एका गोऱ्या माणसाचा आणि भाषा इंग्रजी!

साउंडवाले नाना साठीचे गृहस्थ. मध्यंतरात काहीतरी लावायचं म्हणून त्यांनी आपल्या संग्रहातून ते काढलं होतं. मी धावत गेलो, "नाना, बंद करा!"

नाना गोंधळले. "का रे? मला वाटलं तुम्हाला आवडतं."

*

आमची पद्धत रजतने घालून दिली होती. दुकानात सुरतहून माल यायचा. त्यातली एखादी साडी खपली, की पुढच्या खेपेला किनार बदलून तीच साडी 'आमचं डिझाइन' म्हणून लागायची. रजत म्हणाला, "गाण्याचंही तसंच. तीन सूर बदल, गाणं आपलं."

आम्ही खरोखर मोजून तीन सूर बदलायचो. चौथा बदलायचा आळस! कोणी म्हणालंच 'हे कुठेतरी ऐकलंय', तर रजत बोटं दाखवून हिशेब द्यायचा, "एक हा, एक हा, आणि एक शेवटी."

एकदा त्याच्या वडिलांनी ते ऐकलं. गल्ल्यावरून मान न उचलता ते म्हणाले, "बेटा, किनार आपण बदलतो. पण गिऱ्हाईक साडी उलटी करून बघतं."

*

यावर कडी म्हणजे धुळ्याच्या एका बँडने आमचं ते गोऱ्या माणसाचं गाणं वाजवलं. आमचं! आमचं रक्त तापलं. आम्ही बस पकडून धुळ्याला गेलो आणि जितूच्या ओळखीच्या एका वकिलांसमोर बसलो. कॉपीराइटची नोटीस पाठवायची होती.

वकील भला माणूस. सगळं ऐकून घेतलं, कागद पुढे ओढला. "सोपं आहे. 'सदर चाल आमची स्वतःची असून अन्य कोठूनही घेतलेली नाही,' एवढं लिहितो. खाली सही कोण करणार?"

रजतला फोन आला. वाजला नव्हता, पण तो घेऊन बाहेर गेला. जितूला तहान लागली. मी पेनाकडे बघत बसलो.

वकिलांनी चष्मा काढला. "मग त्यांना नोटीस नको. अभिनंदनाचं पत्र पाठवू का?"

या किश्शाला लोक सगळ्यात जास्त हसतात. एखाद्याला तरी त्या दिवशी शहाणपण आलं असेल, असं त्यांना वाटतं.

*

शहाणपण एवढंच आलं, की बाहेरची गाणी चोरली की पकडले जातो. मग घरातली घ्यावीत.

जितूच्या आईला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. देवपूरला गेलं की तिच्या हातची कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत ठरलेलं. एका दुपारी अक्का ओट्यावर बसून मेथी निवडत होती आणि गुणगुणत होती. चाल अशी होती की माझा घास हातातच राहिला. वर चढायची आणि उतरताना भलत्याच ठिकाणी थांबायची.

"अक्का, हे कोणाचं गाणं?"

अक्का लाजली. "मनंच शे, भाऊ. पोरनी हयदले मीच जोडेल शे." म्हणजे जितूच्या बहिणीच्या हळदीला तिने स्वतः जुळवलेलं. शब्दही तिचे, चालही तिची. "आते बठ्ठ्या बाया म्हनतस. कोनी हयद राहो, हाई गानं पाहिजेच." हळद कोणाचीही असो, सगळ्या बायांना तेच लागायचं.

मी म्हटलं, पुन्हा म्हणा ना. ती म्हणाली. माझा मोबाइल मांडीवर होता, रेकॉर्डिंग चालू. तिला सांगितलं नव्हतं.

पंधरा दिवसांत मी त्यावर माझे शब्द बसवले. गाण्याचं नाव 'सावली दे'. जितूने पहिली ओळ म्हटली आणि थांबला. "भो, अक्काले एकदा इचारूत ना."

"लोकगीत आहे रे," मी म्हणालो. "लोकगीताला मालक नसतो."

त्या ओट्यावर तिने मला काय सांगितलं, ते जितूने ऐकलं नव्हतं. तो आत ताट धूत होता. मी मात्र ऐकलं होतं.

आणि यावेळी मी तीन सूरसुद्धा बदलले नाहीत. बदलून बघितले, गाणं बिघडत होतं.

*

'सावली दे' चाललं. आमच्या मानाने फारच चाललं! रिक्षात वाजायला लागलं, कॉलेजच्या पोरांच्या रिंगटोनला लागलं. गाणी ऑनलाइन चढवणाऱ्या एका कंपनीने फॉर्म पाठवला. त्यात रकाने होते. गायक, जितू. गीतकार, मी. संगीतकार. या रकान्यापाशी मी चहा करायला उठलो, चहा प्यायलो, कप धुतला, परत आलो. रकाना अजून रिकामाच होता. मी माझं नाव टाकलं.

मग एका स्थानिक पेपरचा वार्ताहर आला. "चाल सुचली कशी?"

मी काय सांगावं? म्हणालो, "स्कूटरवरून पिंप्राळ्याला घरी जात होतो. रेल्वे फाटक बंद. मालगाडी जात होती. त्या ठेक्यावर सुचली."

"वा!" तो म्हणाला. "चला, तिथेच फोटो काढू."

आम्ही गेलो, जितूही सोबत आला. फाटक उघडं होतं. मालगाडी येईपर्यंत पाऊण तास उन्हात उभे राहिलो आणि मी तिच्याकडे बघत, गाणं सुचत असल्यासारखा चेहरा करून फोटो दिला. जितू स्कूटरवर बसून होता. नंतर एवढंच म्हणाला, "तो चेहरा पुन्हा करू नको."

दोन महिन्यांनी त्याने नाशिकला नोकरी धरली. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

*

एक किस्सा मी जेवणाच्या रांगेत कधी सांगत नाही, तोही सांगतो. जितू जायच्या आधी आम्ही देवपूरला अक्काला 'सावली दे' ऐकवलं होतं. ड्रम, गिटार, सगळा दणदणाट. अक्काने पदर कानावर धरून, पण शेवटपर्यंत ऐकलं.

"भाऊ, चाल वयखीनी वाटस."

जितू माझ्याकडे बघायला लागला. तेव्हाच बोललो असतो तर एका वाक्यात संपलं असतं. दोघांसमोर, हसत हसत.

"अक्का," मी म्हणालो, "चांगलं गाणं पहिल्यांदा ऐकलं तरी ओळखीचं वाटतं."

"हां, तसंच व्हई," अक्का म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.

*

आता शेवटचा.

मागच्या वर्षी सकाळी अकराच्या सुमारास दाराची बेल वाजली. बघतो तर अक्का. धुळ्याहून एकटी एसटीने आलेली, हातात डबा. मला वाटलं जितूला काही झालं. ती खुर्चीच्या कडेला बसली. पाणी दिलं तेही प्यायली नाही.

झालं होतं असं. तिच्या थोरल्या पुतणीच्या हळदीत अक्का नेहमीचं गाणं म्हणाली. कोणीतरी व्हिडिओ काढून नेटवर टाकला. चार दिवसांत तो तिथून उडाला आणि खाली इंग्रजीत सूचना आली. घरातल्या पोरींनी वाचून दाखवली, की हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे, परवानगीशिवाय वापरलं. मालकाच्या जागी माझं नाव.

"भाऊ, मनी चूक व्हयनी," अक्का म्हणाली. "तुनं गानं मी चारचौघात म्हनी टाकं."

मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

"मले वाटे, हाई मीच जोडेल शे. इतला वरीस बठ्ठासले तसंच सांगत ऊनू." तिने पदराने तोंड पुसलं. "पन एवढी मोठी कंपनी खोटं कसाले सांगी? कोठे तरी तुनंच आयकीसन मनमा ऱ्हायनं व्हई. म्हातारपन शे भाऊ. जितूले सांगू नको, तो मनावर चिडी."

मग तिने डबा माझ्यापुढे सरकवला. अजून गरम होता.

"रविवारे धाकली पुतनीनी हयद शे. बाया मांगे लागेल शेतस, हाईच गानं म्हन. मी म्हनं, आधी भाऊले इचारसू." ती माझ्याकडे बघत राहिली. "तू हां म्हनशी त म्हनसू. नही त नही."

पंखा चालू होता. मी डब्याच्या झाकणाकडे बघत होतो.

"म्हणा की अक्का," मी म्हणालो. "माझी काही हरकत नाही."