घरचा भेदी, प्रकार चौथा

भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी, काशीनाथ, कॉम्प्युटरचं जाळं सांभाळायचो. हुद्दा नेटवर्क इन्चार्ज. खात्यात माणसं एकूण एक, तो मीच. शांती नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र मी देशाच्या सुरक्षेचं काहीतरी गुप्त काम करतो असा समज होता, आणि तो दूर करण्याइतका मी निर्दय नव्हतो.

२००६ साली शेठनी मला अंधेरीच्या एका शिबिराला धाडलं. नेटवर्कवर संकट आलं की आधी त्याचा प्रकार ठरवा आणि मगच हात लावा, असं तिथे शिकवलं. मी ते वेदवाक्य मानलं. परतल्यावर एक झकास तक्ता केला आणि शेठच्या केबिनबाहेर चिकटवला. पहिला प्रकार, बाहेरच्याची घुसखोरी. दुसरा, व्हायरस. तिसरा, फालतू निरोपांचा मारा करून जाळं तुंबवणं. चौथा, घरचा भेदी, म्हणजे आपल्याच माणसाने केलेला घात. चौथ्यापुढे मी लाल शाईने लिहिलं, ‘चावी काढून घ्यावी. कामावरून कमी करावे.’ शिबिरात पाचवाही प्रकार शिकवला होता, ‘चुकून झालेलं’. तो मी गाळला. चुका करायला आमच्या खात्यात होतं कोण?

मग मी संकटाची वाट बघत बसलो. महिने गेले, एक हॅकर फिरकला नाही. रोज घरी गेलो की बायको, शुभदा, विचारायची, “काय हो, आज तरी आलं का कुणी तुमची पातेली चोरायला?”

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. मीही माझं कपाट उघडलं. आत सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे एकत्र येतात ती पेटी होती. तिला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. एका जादा वायरचं टोक नुसतंच लोंबत होतं. पूजेत ते बरं दिसेना, म्हणून पेटीतल्या एका रिकाम्या भोकात खोचून दिलं. सगळे कॉम्प्युटर तेव्हा बंदच होते. नारळ फोडून आम्ही पेढे खाल्ले आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू झाले आणि सगळं जाळं ठप्प. एक बिल निघेना. गेटवर माल भरलेले टेम्पो खोळंबले. मला, खोटं कशाला बोलू, आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आलं एकदाचं संकट!

चौकशीत कळलं की सकाळी सगळ्यात आधी कॉम्प्युटर लावला तो शिवांगीने. ही जवळच्या तारोडी गावातल्या कोळ्यांची मुलगी, बिलं करायला नुकतीच लागली होती. तिने कॉम्प्युटरमध्ये सीडी घातली होती, घरच्या होडीच्या पूजेचे फोटो बघायला. झालं! मी तक्त्यासमोर उभा राहिलो आणि बोट ठेवलं. सीडीतून व्हायरस, आणलाय घरच्याच माणसाने. म्हणजे प्रकार चौथा.

“सर, फोटोच बगितले,” शिवांगी म्हणाली. “दुसरं काय पन न्हाय केलं. आमच्या घरात समदी मासळी इकतात. हापिसात खुर्चीवर बसनारी मी पयलीच हाय.”

शेठनी लाल शाई वाचली. “लिखा है तो लिखा है. कल से मत आना.”

आरोपीची वायर उपटायला मी ऐटीत कपाट उघडलं. पेटीवरचे सगळे दिवे वेड लागल्यासारखे लुकलुकत होते. मधेच एक वायर दिसली, जिची दोन्ही टोकं त्याच पेटीत होती. पेटीतून निघालेला निरोप त्या वायरीने पुन्हा पेटीतच येत होता, गरगर फिरत वाढत होता, आणि बाकीच्यांना वाट मिळत नव्हती. वायरच्या एका टोकाला कुंकू लागलं होतं. त्यावर अंगठा कुणाचा उमटलाय हे शोधायला शिबिराची गरज नव्हती.

मी टोक उपटलं. दिवे शांत झाले. बाहेर “आला, आला, नेट आला!” असा गलका उठला.

“वाह काशीनाथ!” शेठनी माझी पाठ थोपटली. “वायरस निकाला?”

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण समोर शिवांगी डबा पिशवीत भरत होती. तिच्याकडे बघवेना. मनापासून लाज वाटली. तक्त्याकडे बघितलं, तर मीच गाळलेला पाचवा प्रकार आता कुठून आणू?

“शेठ, टाइप चौथा ही है. घर का भेदी,” मी म्हणालो. “पर शिवांगी नहीं. मैं.” आणि कुंकवाचं टोक दाखवलं.

शेठनी टोक बघितलं, मग तक्त्यावरची लाल शाई पुन्हा वाचली. “चाबी निकाल,” ते म्हणाले. मी कपाटाची चावी दिली. ती त्यांनी शिवांगीच्या हातात ठेवली. कामावरून कमी मात्र केलं नाही, कारण मग खात्यात कुणीच उरलं नसतं.

पाचवा प्रकार मी त्याच दुपारी तक्त्यावर लिहिला, सगळ्यांत मोठ्या अक्षरात.

पुढच्या दसऱ्याला मी हार घेऊन कपाटापाशी गेलो. शिवांगीने कुलूप काढलं आणि दारात आडवी उभी राहिली.

“पूजा तुमीच करा, सर,” ती म्हणाली. “पन लांबून.”