पळसाच्या पानांचा बाप

आमचे वडील कंदाहाराच्या लढाईवरून परत आले नाहीत. मेलेल्यांच्या यादीत त्यांचे नाव नव्हते आणि जिवंतांच्याही नव्हते. पलटणीच्या कागदावर 'बेपत्ता' एवढेच. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. उल्हास नदीकाठी मोहन्याजवळ आमचे गाव. आई लोकांचे भात कांडी आणि मजुरीत मिळालेल्या कण्यांवर मी शिकलो. आमच्या घराण्यात पहिली सही माझी आणि पहिला बी.ए.ही मीच, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. शिकता शिकता देवावरचा विश्वास मात्र उडाला.

आईचा उडाला नव्हता. दर मंगळवारी ती गूळ आणि पाण्याची कळशी घेऊन कल्याण स्टेशनाबाहेर बसे. रजेवर आलेला शिपाई दिसला की त्याला गूळपाणी देई आणि म्हणे, "घे बाबा, गणपतीचं आहे. माझ्याही माणसाला कुठंतरी कोणी देत असेल." मला तिची लाज वाटे.

बारा वर्षे भरली तेव्हा काका म्हणाले, "बी.ए., आता बापाला मोकळा कर." बारा वर्षे ज्याचा ठावठिकाणा नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून तो जाळायची रीत. सरकारचा कायदा तर सातच वर्षे थांबतो, असे मीही ऐटीत सांगितले. आई म्हणाली, "कायदा तुझा असेल रे, नवरा माझा आहे." मी ऐकले नाही. नदीवर माझ्याच हाताने पाने मांडली आणि अग्नी दिला. आईने कुंकू पुसले नाही. पण गावातल्या बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणे सोडले. ते माझ्यामुळे. एका सकाळी अंघोळीला गेलो असता मी पाण्यातच हात जोडले. देवा, असलास तर तिचे ऐक, माझ्या हुशारीने तिचे वाटोळेच झाले.

पुढच्या मंगळवारी कळशी मी उचलली आणि आईबरोबर स्टेशनावर गेलो. गाडीतून ठाण्याचे एक वृद्ध बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, गृहस्थ उतरले, पेन्शनर सुभेदार, छातीवर बिल्ला. गूळपाणी घेऊन त्यांनी आमच्याच गावाची वाट विचारली आणि वडिलांचे नाव घेतले.

"त्याची बायको आहे का हो? की दुसऱ्या घरी गेली?"

"तुमच्या पुढ्यात आहे. बोला!" आई म्हणाली.

वडील त्यांच्याच पलटणीतले. कैद होऊन वर्षानुवर्षे एका खानाच्या बागेला पाणी घालत राहिले, सुटल्यावर कराचीहून आले आणि दोन महिन्यांपासून सुभेदारांच्या ठाण्यातल्या तेलघाण्यावर होते. "परमुलखात परक्यांच्या हातचं खाल्लं, घरात घेणार नाहीत, म्हणून रडतो," सुभेदार म्हणाले.

"मग काय बारा वर्षं उपाशी राहायचं होतं त्यानं? चला, ठाण्याची गाडी कधी आहे?"

वडील आले, पण भटजींनी त्यांना अंगणातच थांबवले. दहन झालेला माणूस उंबरा कसा ओलांडणार? त्याने पुन्हा जन्मावे, असे शास्त्र. मग अख्ख्या गावाने त्यांचे बारसे केले, घुगऱ्या वाटल्या. आत्या पाळण्याशी ओरडली, "अगं बाई, बाळाला मिशा आहेत!" चार दिवसांनी आईशी त्यांचे पुन्हा लग्न लागले. अंतरपाट मी धरला. बापाच्या लग्नात अंतरपाट धरणारा बी.ए. ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल. आई म्हणाली, "पहिल्या खेपेला तोंडही न बघता केला होता. या खेपेला पारखून घेतला."

सुभेदार त्याच दिवशी, त्याच गाडीने का आले, यावर मी वाद घालत नाही. मी हात टेकले आणि देवाने हात दिला, एवढे मला पुरते.

वडिलांबरोबर त्या बागेत आणखी तीन शिपाई कैदेत होते, तिघेही तिथेच वारले. वडिलांना त्यांची नावे आणि कोकणातली गावे पाठ होती. त्यांनी सांगितले, मी पत्रे लिहिली. तिन्ही घरांतून उत्तरे आली. आपला माणूस कुठे गेला, हे त्या तिन्ही घरांना आता ठाऊक आहे.