दुध्याची राखण

हिरामावशी मोबाइलवर बोट कधी सरळ टेकवायच्या नाहीत. बोट दुमडायचं आणि त्याच्या सांध्याने पडद्यावर टकटक करायचं, अशी त्यांची रीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बोटाला काहीतरी लागलं असेल. विचारलं, तर त्यांनी मोबाइल पदराआड घेतला. म्हणाल्या, "कोवला हाय त्यो. कोवल्याला सरल बोट दाखवला का सुकतो. तुमच्या सातारला नाय पालत?"

पाळतात. माझी आईसुद्धा वेलावरची कोवळी काकडी दाखवताना बोट वाकवायची. पण ती खरी काकडी होती. मावशींच्या मोबाइलमधला 'त्यो' एका खेळातला प्राणी होता. डोकं दुधीभोपळ्याचं, त्यावर दोन पानं आणि पायांच्या जागी मुळं. असले शेकडो प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि एकमेकांशी झुंजवायचे, असा तो खेळ. त्याचं कार्टूनही रोज टीव्हीवर लागायचं. खेळात त्याचं नाव 'वेलोगो' की काहीतरी होतं. मावशी त्याला दुध्या म्हणायच्या.

मावशी आमच्या घरमालकीण. खारघरची ही चार मजली इमारत जिथे उभी आहे, तिथे पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं आणि बांधावर दुधीचे वेल. मी तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू. कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून आहे, पण कॉलेजात जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तरच.

दुध्या खरा त्यांच्या नातीचा. आर्या आईवडिलांबरोबर कॅनडाला गेली आणि जाताना जुना मोबाइल आजीच्या हातात देऊन गेली. रोज एकदा पाणी घालायचं. सात दिवस खाडा झाला तर हा रानात निघून जातो आणि परत येत नाही, एवढं बजावून. तेव्हापासून मावशींचा एक दिवस चुकला नव्हता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या दिवशीही एका डोळ्यावर पट्टी बांधून त्यांनी दुसऱ्याने दुध्याची कुंडी शोधून काढली.

मी त्यांच्याकडे जायला लागलो ते माझी बायको गेल्यावर. सुनीता गेली आणि मी रडलो नाही. कामावर जात होतो, डबा खात होतो, विजेचं बिल भरत होतो. लोक सांत्वनाला आले की मीच त्यांना पाणी विचारायचो. मावशींनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. संध्याकाळी जिन्यातून हाक मारायच्या, "मास्तर, चाय टाकलाय, खाली ये." मग चहा, कार्टून आणि दुध्या. कार्टूनमध्ये दुध्याच्या जातभाईला लढाईत उतरवलं की त्या टीव्हीवरच खेकसायच्या, "आरं, येलाला कुनी लरायला लावतं काय! मेल्यांनो, मांडव घाला त्याला!" मला हसू यायला हवं होतं. येत नव्हतं, पण मी रोज जायचो.

एकदा आर्याचा व्हिडिओ कॉल चालू असताना मावशी चहा ओतायला आत गेल्या. आर्या हळूच म्हणाली, "काका, मी तो गेम कधीच सोडलाय. आजीला नका सांगू हं, तिला वाईट वाटेल."

आठवडाभर मी ते पोटात ठेवलं. मग एका संध्याकाळी सांगून टाकलं. त्या दिवसांत काय बोलावं आणि काय गिळावं, याचं भान मला उरलं नव्हतं.

मावशींनी बशी खाली ठेवली. "मना ठावं हाय. दिवालीपासून ठावं हाय." बोट दुमडून त्यांनी दुध्याला पाणी घातलं. "लावनारा गेला म्हनून पानी बंद करतान काय, मास्तर?"

एवढं बोलून त्यांनी वर, माझ्या बाल्कनीच्या दिशेने पाहिलं. तिथे सुनीताच्या कुंड्या होत्या, वाळून कोळ झालेल्या. मी वर गेलो आणि प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं. झाडं कधीच मेली होती. तरी दुसऱ्या दिवशीही ओतलं.

मावशी गेल्या त्या गच्चीवर कपडे वाळत घालताना. जरा बसते म्हणाल्या आणि बसल्याच. मुलगा, सून आणि आर्या आले. मी खांदा दिला. काहीच वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याची तेवढी लाज वाटली.

तो मोबाइल फ्रिजवर पडून होता. मी त्यांच्याकडे रोज चहा घेऊन जायचो, तेव्हा दिसायचा. तिसरा दिवस झाला, चौथा झाला. मनातल्या मनात मी दिवस मोजत होतो. सुतकाच्या घरात कसं म्हणावं, की जरा तो मोबाइल द्या, दुध्याला पाणी घालायचंय? सहाव्या दिवशी आर्या फ्रिजला टेकून उभी होती, स्वतःच्या मोबाइलमध्ये बघत. मी रिकामे कप उचलले आणि वर आलो.

तेरावं झाल्यावर मुलाने तो मोबाइल माझ्या हातात ठेवला. "आई तुमच्यासोबत यात काहीतरी खेळायची ना? राहू द्या तुमच्याकडे."

घरी येऊन चार्जिंगला लावला आणि खेळ उघडला. कुंडी रिकामी होती. तुमचा सोबती रानात परत गेला, असं इंग्रजीत लिहिलं होतं आणि खाली एक बटण होतं, नवं बी लावा. माझं बोट पुढे गेलं आणि वाटेतच दुमडलं. मग मी अडलो. कोवळ्याला सरळ बोट दाखवायचं नाही, ते ठीक. पण जे अजून मातीतून वर आलेलंच नाही, त्याचं काय? असल्या गोष्टी मावशींनाच ठाऊक. मी मोबाइल घेऊन विचारायला निघालो.

तीन पायऱ्या उतरल्यावर थांबलो आणि तिथेच बसलो. तेव्हा रडू आलं. मावशींसाठी आलं आणि सुनीतासाठीही, आणि कुठलं कुणासाठी ते मला वेगळं काढता येईना.