काळूमामांसाठी इंग्रजी शब्द

"हा माणूस नेमकं करतो काय?" सकाळचा खेळ संपल्यावर पाहुण्या बाईंनी काळूमामांकडे बघत इंग्रजीत विचारलं. मी दुभाषी होते, म्हणून शब्द मलाच शोधायचा होता.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्या संस्थेचं कलापथक डोळखांबकडच्या आदिवासी पाड्यांवर आरोग्याचे खेळ करायचं. सुमनताई नर्स व्हायच्या, दोघं पेटी-ढोलकी सांभाळायचे आणि काळूमामा गोंड्याची टोपी घालून ताईंना येड्यासारखे प्रश्न विचारायचे. पथकाचा खर्च परदेशातून यायचा. तिकडून आलेल्या या बाईंना पुढच्या वर्षी एक माणूस कमी करायचा होता. कोणता, एवढंच ठरायचं होतं.

दुभाष्याचं काम लाजाळू माणसाला बरं पडतं. बोलणारा थांबला की त्याचं वाक्य दुसऱ्या भाषेत म्हणायचं, तेही 'मी' म्हणून. स्वतःचं काही बोलावं लागत नाही.

"जोकर," मी म्हणाले.

हा शब्द काळूमामांनाही कळला. "जोकर नाय गो बाय. जोकर सर्कशीत. तो पडला का त्याचं काम झालं."

"कॉमेडियन," मी सुधारलं.

"पण लोक हसतात ते ताईंच्या उत्तरांना," बाई म्हणाल्या. "याचे जोक कुठे आहेत?"

खरं होतं. काळूमामा नुसता चेंडू टाकायचे, षटकार सुमनताई मारायच्या. मग मी 'साइडकिक' म्हणाले. म्हणजे हीरोबरोबर फिरणारा, त्याच्याहून थोडा कमी असा जोडीदार. शब्द बराच जवळचा होता आणि त्यानेच घोळ केला.

"म्हणजे याच्याशिवाय चालेल," बाई म्हणाल्या.

संस्था चालवणारे आमचे सर काळूमामांकडे वळले. मग म्हणाले, "दुपारचा खेळ तिघांत करून बघू. मामा, आज जरा बसा."

"बसतो की. बसायचं काम पन बरं करतो मी." काळूमामा जीपच्या सावलीत जाऊन बसले.

दुपारच्या पाड्यावर खेळ होता पाणी उकळून पिण्याचा. सुमनताईंनी एकटीने नीट निभावला. शेवटी विचारलं, "काय शंका?" कोणी बोलेना. बायका तोंडाला पदर लावून जमिनीकडे बघत बसल्या.

"छान. सगळ्यांना समजलं," बाई मला म्हणाल्या.

तेवढ्यात एक आजी उठल्या, जीपपाशी गेल्या आणि काळूमामांच्या कानात काहीतरी म्हणाल्या. मामांनी सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली.

"ताई, मी येडा मानूस, रागावू नका," मामा उभे राहून म्हणाले. "पानी उकळाया फाटी लागतात. ती डोंगरावरून कोन आननार? तुमी का तुमचा सायेब?"

"सायबालाच धाड गो," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळा पाडा हसला. बाई हसल्या त्या माझं इंग्रजी वाक्य संपल्यावर, एकट्याच.

सुमनताईंनी भात शिजताना चुलीच्या शेजारच्या वैलावर पाण्याची हंडी ठेवायला सांगितलं, म्हणजे वेगळं सरपण लागत नाही. मग बायका एकेक करत जीपकडे जाऊ लागल्या. मामा विचारत राहिले, ताई सांगत राहिल्या.

"चांगला प्रश्न होता त्याचा," बाई म्हणाल्या.

"त्याचा नाही, त्या आजींचा." दुभाष्याने मध्ये आपलं बोलायचं नसतं. तरी मी बोलले. "नर्सला असं विचारायची त्यांना भीती वाटते. येड्यावर कोणी रागवत नाही, म्हणून त्यांचा प्रश्न तो 'मी' म्हणून विचारतो. तो इथला इंटरप्रिटर आहे."

बाई पुढचे प्रश्न संपेपर्यंत जीपकडेच बघत राहिल्या. पुढच्या वर्षी पथक चौघांचंच राहिलं.

त्या दिवशी परतताना जीपमध्ये काळूमामांनी विचारलं, "शेवटी काय नाव लावलंस गो मला?"

"दुभाषी. माझ्यासारखे."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग तुला कोन हसत कसं नाय?"

"सराव नाही," मी म्हणाले.

कामाचा धडा मात्र पक्का झाला. कुणी माणसासाठी शब्द मागितला, तर आधी त्याला काम करताना दाखवावं. घाईत दिलेल्या शब्दाने त्याची नोकरीही जाऊ शकते.